थंड डोक्याचा माणूस : प्योत्र कापित्झा

मित्रांनो, थर्मोडायनॅमिक्सच्या व्हायव्हात एक ठरलेला प्रश्न असतो. थ्रॉटलिंग आणि टर्बाईनमधलं एक्सपान्शन यात फरक काय? आपण पाठ केलेलं उत्तर फेकतो. थ्रॉटलिंगमध्ये एन्थॅल्पी स्थिर राहते, आदर्श एक्सपान्शनमध्ये एन्ट्रॉपी स्थिर राहते. एक्स्टर्नल मान हलवतात, आपण सुटकेचा श्वास सोडून बाहेर पडतो आणि प्रश्न तिथेच विसरतो. पण टी-एस डायग्रामवरच्या त्या दोन रेषांमध्ये जे अंतर दिसतं ना, त्यावर एक अख्खी इंडस्ट्री उभी आहे. घरातल्या गॅस सिलिंडरचाही त्यात वाटा आहे. आणि त्याच अंतराच्या मागे लागलेल्या एका माणसाची खुर्ची गेली, त्याने उभी केलेली संस्था गेली, ऐन उमेदीतली आठ-नऊ वर्षं गेली. त्याचं नाव प्योत्र लिओनिदोविच कापित्झा.

आधी सिलिंडरचं बघू. मुंबई हायचा वायू समुद्राखालच्या पाईपलाईनने उरणला येतो आणि तिथे ओएनजीसीच्या प्रकल्पात त्यातून एलपीजी वेगळा काढतात. (आपल्याकडचा सगळा एलपीजी असा येत नाही. काही रिफायनरीतून मिळतो आणि बराचसा आयात होतो.) नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, त्यात थोडा इथेन आणि आणखी थोडे प्रोपेन, ब्युटेन. यातले प्रोपेन आणि ब्युटेन म्हणजेच आपला एलपीजी. हे वेगळे कसे करायचे? सोपं आहे, थंड करायचं! मिथेनचा उत्कलनबिंदू उणे १६१ अंश, इथेनचा उणे ८९, प्रोपेनचा उणे ४२ आणि नॉर्मल ब्युटेनचा साधारण शून्य. म्हणजे वायू थंड करत गेलं की जड मंडळी आधी द्रव होऊन खाली बसणार आणि मिथेन वरून निघून जाणार. मात्र प्रोपेन मिश्रणात दोन-चार टक्केच असल्यामुळे त्याचा आंशिक दाब कमी असतो. म्हणून तो जवळजवळ सगळा हाती यायला हवा असेल, तर उणे साठ-सत्तर किंवा त्याच्याही खाली जावं लागतं.

एवढी थंडी आणायची कुठून? वायू विहिरीतून मुळात दाबाखाली येतो, ही आपली पुंजी. ती खर्च करायचे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे व्हॉल्व्हमधून सोडून द्यायचा. ज्यूल आणि थॉमसन यांनी १८५२ च्या सुमारास दाखवलेला हा परिणाम. नैसर्गिक वायू एका बारमागे साधारण अर्धा अंश थंड होतो. ६० बारचा वायू २० बारवर आणला, तर वीसेक अंशांची घट. दुसरा रस्ता म्हणजे त्याच वायूला टर्बाईनचं चाक फिरवायला लावायचं. चाक फिरवायला ऊर्जा लागते, ती वायूला स्वतःच्या पोटातून द्यावी लागते, म्हणून तो जास्त थंड होतो. आदर्श वायूचं सूत्र लावून बघा, त्याच ६० ते २० बारच्या प्रवासात कागदावर साठ अंशांहून जास्त घट येते. खरी टर्बाईन कागदावरच्या टर्बाईनसारखी नसते, तरीही फरक दुपटीहून मोठा राहतो. वर शाफ्टवर मिळालेलं काम फुकट! त्यावर कॉम्प्रेसर चालवून उरलेल्या मिथेनचा दाब पुन्हा वाढवता येतो. या यंत्राला म्हणतात टर्बोएक्सपान्डर.

कल्पना जुनीच होती. १८५७ मध्ये सीमेन्सने ती मांडली, १९०२ मध्ये जॉर्ज क्लोद या फ्रेंच इंजिनिअरने पिस्टनचं एक्सपान्शन इंजिन वापरून हवा द्रवरूप केली. पण चाकाचं यंत्र खरोखर चांगल्या कार्यक्षमतेने फिरवून दाखवलं ते कापित्झांनी. गंमत म्हणजे हा माणूस जगाला माहीत आहे तो फिजिक्सचा नोबेल विजेता म्हणून. डिग्रीने मात्र तो आपल्यातला होता, इलेक्ट्रिकलचा!

कापित्झांचा जन्म जुलै १८९४ चा, सेंट पीटर्सबर्गजवळच्या क्रोनश्टाट या नौदलाच्या बेटावरचा. वडील लष्करी इंजिनिअर, क्रोनश्टाटचे किल्ले बांधणाऱ्यांपैकी एक. आई लोककथा आणि बालसाहित्याची अभ्यासक. घर असं विद्वानांचं, पण पोराला लॅटिन काही जमेना. आपल्या भाषेत सांगायचं तर लॅटिनमध्ये केटी लागली आणि त्याला शास्त्र-गणितावर भर देणाऱ्या दुसऱ्या शाळेत जावं लागलं. झालं ते बरंच झालं म्हणायचं. १९१२ मध्ये त्याने सेंट पीटर्सबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रोमेकॅनिकल विभागात प्रवेश घेतला. तिथे अब्राम योफे यांच्यासारखा गुरू भेटला. मध्येच पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा काही काळ पोलिश आघाडीवर ॲम्ब्युलन्स चालवली. १९१८ मध्ये डिग्री हातात पडली.

आणि मग आयुष्याने जो तडाखा दिला तो वाचताना काटा येतो. क्रांतीनंतरचे यादवीचे दिवस, उपासमार, साथी. १९१९ संपून १९२० उजाडताना काही आठवड्यांच्या आत कापित्झांचे वडील, लहानगा मुलगा, पत्नी आणि नुकतीच जन्मलेली मुलगी असे चौघेही साथीच्या आजारांत गेले. वय पंचवीस. योफेंनी या खचलेल्या विद्यार्थ्याला देशाबाहेर काढायचं ठरवलं. युरोपातून उपकरणं आणि पुस्तकं खरेदी करायला निघालेल्या सोव्हिएत शिष्टमंडळात त्याचं नाव घातलं. १९२१ मध्ये कापित्झा इंग्लंडला पोचले.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबोरेटरीत तेव्हा रुदरफोर्ड यांचं राज्य होतं. लॅब भरलेली आहे, जागा नाही, असं रुदरफोर्ड यांनी सांगितलं. त्यावर कापित्झांनी म्हणे त्यांना विचारलं की तुमच्या प्रयोगांत एरर किती धरता. दोन-तीन टक्के, असं उत्तर आलं. मग तीस माणसांत एक वाढला तर तो एररच्या आतच बसतो की, असा युक्तिवाद करून या पठ्ठ्याने ॲडमिशन मिळवली! किस्सा तंतोतंत खरा असो वा मीठमसाला लावलेला, माणूस कसा होता ते त्यातून कळतं. रुदरफोर्ड यांचा आवाज मोठा, दरारा त्याहून मोठा. कापित्झांनी त्यांचं टोपणनाव ठेवलं 'मगर'. पुढे १९३३ मध्ये कापित्झांसाठी केंब्रिजमध्ये मॉन्ड लॅबोरेटरी बांधली गेली, तेव्हा शिल्पकार एरिक गिलकडून दाराजवळच्या विटांच्या भिंतीवर भलीमोठी मगर कोरून घेतली. ती आजही तिथे आहे.

कापित्झांची कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. त्यांना अतिशय तीव्र चुंबकीय क्षेत्र हवं होतं. सतत तेवढा करंट सोडला, तर कॉईल वितळणार. मग त्यांनी विचार केला, सतत कशाला हवा? सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता पुरेसा आहे! एक दणकट जनरेटर फिरवत ठेवायचा आणि क्षणभर शॉर्ट सर्किट करायचा. यातून ३ लाख गॉसच्या वरचं क्षेत्र मिळालं, त्या काळचा विक्रमच. पण जनरेटर असा शॉर्ट झाला की जमिनीला हादरा बसणार आणि नाजूक मोजमाप बिघडणार. त्यावर उपाय? प्रयोगाची कॉईल हॉलच्या दुसऱ्या टोकाला, साधारण वीस मीटरवर ठेवली. हादरा जमिनीतून तिथे पोचेपर्यंत शंभरावा सेकंद संपलेला असायचा आणि रीडिंग घेऊन झालेलं असायचं! फाउंडेशनवर खर्च करण्याऐवजी अंतर आणि वेळ यांचा हिशेब केला. याला म्हणतात इंजिनिअरचं डोकं.

चुंबकाकडून ते थंडीकडे वळले. हेलियम ४.२ केल्विनला द्रव होतो. १९०८ मध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांनी तो पहिल्यांदा द्रव केला, पण त्यासाठी आधी द्रव हायड्रोजनने थंड करावं लागे आणि हायड्रोजन म्हणजे स्फोटाची टांगती तलवार. कापित्झांना ते नको होतं. त्यांनी ठरवलं की हेलियमकडूनच काम करून घ्यायचं, पिस्टन ढकलायला लावायचा. अडचण साधी होती. एवढ्या थंडीत कुठलंही वंगण दगडासारखं गोठतं. मग पिस्टन चालणार कसा? त्यांनी पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात मुद्दाम बारीक फट ठेवली. त्या फटीतून निसटणारा हेलियम हेच वंगण! पिस्टनचा स्ट्रोक इतका झटपट घ्यायचा की गळती नगण्य राहावी. एप्रिल १९३४ मध्ये हे यंत्र चाललं. आपण मशीन डिझाईनमध्ये क्लिअरन्स म्हणजे दोष समजतो, या माणसाने त्यालाच कामाला लावलं.

एव्हाना कापित्झा रॉयल सोसायटीचे फेलो झाले होते. १९२७ मध्ये ॲना क्रिलोव्हा यांच्याशी त्यांचं दुसरं लग्न झालं होतं. ॲनाबाईंचे वडील अलेक्सेई क्रिलोव्ह हे जहाजबांधणीतले मोठे गणिती. सेर्गेई आणि आंद्रेई ही दोन मुलं. केंब्रिजमध्ये संसार लागला होता, तरी पासपोर्ट सोव्हिएतच होता आणि सुट्टीत मायदेशी फेरी व्हायची. १९३४ च्या शरद ऋतूत मेंडेलीव्ह यांच्या जन्मशताब्दीसाठी ते असेच गेले. परत निघायच्या वेळी त्यांना कळवण्यात आलं की आता जायचं नाही. इथेच काम करायचं.

विचार करा मित्रांनो. लॅब केंब्रिजमध्ये, यंत्रं केंब्रिजमध्ये, मुलं केंब्रिजमध्ये. ॲनाबाईंना मुलांसाठी परतावं लागलं आणि कापित्झा मॉस्कोत एकटे. हातात एक उपकरण नाही. ते इतके निराश झाले होते की फिजिक्स सोडून पावलोव्ह यांच्याकडे शरीरशास्त्रात काम करावं असाही विचार त्यांनी केला. रुदरफोर्ड यांनी त्यांना सोडवायचे बरेच प्रयत्न केले. ते फसले, तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने दुसरा मार्ग काढला. कापित्झांची यंत्रं ३० हजार पौंडांना सोव्हिएत सरकारला विकायला संमती दिली. माणूस येत नसेल, तर निदान त्याचं काम तरी थांबू नये! मॉस्कोत कापित्झांसाठी 'भौतिक समस्या संस्था' उभी राहिली, यंत्रं पोचली, १९३६ च्या सुरुवातीला ॲनाबाई मुलांना घेऊन आल्या आणि काम पुन्हा सुरू झालं.

आणि काय काम! १९३७ च्या शेवटी त्यांच्या लक्षात आलं की २.१७ केल्विनच्या खाली हेलियमची व्हिस्कॉसिटी जवळजवळ नाहीशी होते. या अवस्थेला त्यांनी सुपरफ्लुइडिटी हे नाव दिलं. जानेवारी १९३८ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात त्यांचा आणि केंब्रिजच्या ॲलन आणि मिसनर यांचा असे दोन्ही शोधनिबंध आले. कमी तापमानाच्या फिजिक्समधल्या अशा कामासाठीच पुढे नोबेल मिळायचं होतं. पण दुसरा कुणी असता तर आयुष्यभर तेच धरून बसला असता. कापित्झांच्या टेबलावर त्याच वेळी एक चाक होतं.

ऑक्सिजन हवा होता. पोलादाला, वेल्डिंगला, रसायन उद्योगाला. तो हवा द्रव करूनच मिळतो. लिंडे पद्धतीत हवा २०० वातावरणांच्या आसपास दाबावी लागे. म्हणजे अवजड कॉम्प्रेसर, जाड पाईप, आणि सगळं पिस्टनचं काम. कापित्झांचा सवाल होता की सहाएक वातावरणांच्या दाबावर हे का होऊ नये? आकडे बघा. सहा वातावरणांची हवा व्हॉल्व्हमधून सोडली, तर जेमतेम सव्वा अंश थंड होते. तीच हवा आदर्श टर्बाईनमधून सोडली, तर खोलीच्या तापमानापासून कागदावर १२० अंश! एवढा फरक असताना टर्बाईन वापरायची नाही म्हणजे हद्दच झाली. पण तोवरच्या टर्बाईन्सची कार्यक्षमता पुरेशी नव्हती. आणि इथे कार्यक्षमतेला दुहेरी महत्त्व असतं. घर्षणात वाया गेलेली ऊर्जा उष्णता बनून त्याच वायूत परत येते आणि कमावलेली थंडी खाऊन टाकते.

कापित्झांनी चूक कुठे आहे ते हेरलं. टर्बाईन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाफेची टर्बाईन यायची. वाफ गरम आणि विरळ. पण उणे दीडशेच्या खालची दाबलेली हवा घट्ट असते, ती वाफेपेक्षा पाण्याच्या जवळची! मग टर्बाईनही पाण्याच्या टर्बाईनच्या धर्तीवर हवी. वायू बाहेरून आत, केंद्राकडे वाहत येईल अशी रेडियल इनफ्लो. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण फ्रान्सिस टर्बाईन शिकतो ना, तिची ही जवळची नातेवाईक. त्यांनी मोनेल धातूचं चाक केलं, व्यास अवघा ८ सेंटीमीटर. वेग मिनिटाला ४० हजार फेरे. ब्रेक म्हणून पाण्याचा पंप. कार्यक्षमता ७९ ते ८३ टक्के. एवढ्या वेगाला शाफ्ट क्रिटिकल स्पीड ओलांडून पुढे फिरतो आणि आजूबाजूच्या घट्ट वायूमुळे डगमगायला लागतो. त्यासाठी त्यांनी डॅम्पिंगची सोय केली आणि अशा रोटरच्या स्थैर्याची थिअरीही लिहून काढली. १९३९ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं.

आता याच वर्षांत बाहेर काय चाललं होतं ते ऐका. स्टॅलिनची धरपकड जोरात होती. एप्रिल १९३८ मध्ये त्यांच्याच संस्थेतला तरुण थिअरिस्ट लेव लांडाऊ याला अटक झाली. अशा वेळी ओळख दाखवणंही धोक्याचं होतं. कापित्झांनी त्याच दिवशी थेट स्टॅलिनला पत्र लिहिलं. पुढे मोलोटोव्हला, मग बेरियाला. वर्षभर पाठपुरावा केला आणि शेवटी लांडाऊची वैयक्तिक हमी घेतली. एप्रिल १९३९ मध्ये लांडाऊ सुटला. दोनच वर्षांत त्याने सुपरफ्लुइडिटीची थिअरी मांडली आणि १९६२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. म्हणजे दिवसा चाकाचं बॅलन्सिंग आणि रात्री जीव धोक्यात घालून पत्रं, असा हा माणूस जगत होता.

दुसऱ्या महायुद्धात संस्था कझानला हलली. कापित्झांचे ऑक्सिजन प्लांट सुरू झाले. १९४३ मध्ये देशभरच्या ऑक्सिजन उत्पादनासाठी वेगळं खातं काढून त्यांना त्याचं प्रमुख केलं. १९४५ मध्ये मॉस्कोजवळ बालाशिखाला त्यांच्या टर्बोएक्सपान्डरवर चालणारा दिवसाला सुमारे ४० टन द्रव ऑक्सिजन देणारा प्लांट सुरू झाला. देशाचा 'समाजवादी श्रमवीर' हा सर्वोच्च किताब मिळाला. सगळं छान चाललं होतं.

ऑगस्ट १९४५ मध्ये अणुबॉम्बसाठी खास समिती नेमली गेली. अध्यक्ष होता बेरिया, ज्याच्या नावाने लोक कापत. सदस्यांत कापित्झा. थोड्याच दिवसांत खटके उडायला लागले. कापित्झांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये स्टॅलिनला पत्रं लिहून या कामातून मुक्त करण्याची विनंती केली. आपल्याकडे अनेकदा सांगितलं जातं की त्यांनी बॉम्बला नैतिक विरोध केला. पत्रांतली तक्रार मात्र वेगळी आहे. दुसऱ्यांची वाट गिरवण्यापेक्षा आपला स्वस्त आणि जलद मार्ग शोधावा, हा एक मुद्दा. दुसरा म्हणजे बेरिया शास्त्रज्ञांना कस्पटासमान लेखतो आणि त्याला विषय कळत नाही. वाद्यवृंदाच्या प्रमुखाने काठी हलवून भागत नाही, त्याला स्वरलिपी वाचता यायला हवी, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. वर हे पत्र बेरियाला दाखवायलाही हरकत नाही असं कळवलं! बेरियाबद्दल असं लिहिणारी माणसं तेव्हा मॉस्कोत किती असतील, तुम्हीच ठरवा.

समितीतून त्यांना मोकळं केलं गेलं. पण हिशेब बाकी होता. तो चुकता झाला त्यांच्या चाकावर. ऑक्सिजन क्षेत्रातल्या विरोधकांचा सूर असा होता की कमी दाबाची पद्धत चुकीची, परदेशी उच्च दाबाचे प्लांटच बरे. चौकशी झाली, ठपका आला आणि ऑगस्ट १९४६ मध्ये ऑक्सिजन खात्याचं प्रमुखपद गेलं. तेवढ्यावर भागलं नाही, स्वतः उभारलेल्या संस्थेचं संचालकपदही काढून घेतलं. बेरियाला त्यांना अटकच करायची होती आणि स्टॅलिनने ते होऊ दिलं नाही, असं सांगितलं जातं. जीव वाचला एवढंच. वय बावन्न.

कापित्झा मॉस्कोबाहेर निकोलिना गोरा या गावातल्या आपल्या घरी राहायला गेले. तिथे चौकीदाराच्या खोलीत आणि शेडमध्ये त्यांनी घरगुती लॅब थाटली. मशिनिस्ट स्वतः, असिस्टंट म्हणजे दोन मुलगे. संस्थेचं नाव 'भौतिक समस्या संस्था' होतं, म्हणून या लॅबला गमतीने 'भौतिक समस्यांची झोपडी' म्हणायला लागले! पातळ द्रवाचा थर भिंतीवरून ओघळताना त्यावर लाटा का उठतात, याचा अभ्यास त्यांनी इथे केला. केमिकलच्या मित्रांनो, फॉलिंग फिल्मच्या प्रकरणात भेटणारा कापित्झा नंबर याच अभ्यासाची आठवण. आधाराचा बिंदू वेगाने वर-खाली हलवला की पेंडुलम डोक्यावर उलटा उभा राहतो, हे गणितही १९५१ मधलं. अशा दिवसांत उलटा पेंडुलम सुचावा, हेही खासच.

मार्च १९५३ मध्ये स्टॅलिन गेला, जूनमध्ये बेरियाला अटक झाली. १९५५ मध्ये कापित्झा पुन्हा आपल्या संस्थेचे संचालक झाले आणि अखेरपर्यंत राहिले. ३० वर्षांहून जास्त काळानंतर, १९६६ मध्ये, त्यांना केंब्रिज पुन्हा पाहता आलं. रुदरफोर्ड तर १९३७ मध्येच गेले होते. भिंतीवरची मगर तेवढी होती. १९७८ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, नोबेल आलं. ८ एप्रिल १९८४ रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं. संस्थेला आता त्यांचंच नाव आहे.

आणि त्या चाकाचं काय झालं? ज्या कमी दाबाच्या पद्धतीवर ठपका ठेवला होता, तीच पुढे मोठ्या ऑक्सिजन प्लांटांची जगभरची पद्धत झाली. १९६० च्या दशकात अमेरिकेत टर्बोएक्सपान्डर नैसर्गिक वायूकडे वळला. जडसन स्वेरिंजन या इंजिनिअरने त्यात मोठं काम केलं. इथे अडचण नवी होती. चाकातून जाता जाताच प्रोपेन-ब्युटेनचे थेंब तयार होतात. चाळीस हजारांच्या आसपासच्या वेगाला थेंब म्हणजे बंदुकीच्या गोळ्याच! पण त्या रेडियल रचनेतच वाट काढता आली आणि थेंबांसकट फिरणारी चाकं तयार झाली.

आज असा प्लांट कसा चालतो ते थोडक्यात. आधी वायूतलं पाणी मॉलिक्युलर सीव्हने काढून टाकायचं, नाहीतर बर्फ आणि हायड्रेट होऊन पाईप तुंबतात. मग कोल्ड बॉक्समध्ये परत जाणाऱ्या थंड वायूकडून येणारा वायू आधीच गार करून घ्यायचा. सेपरेटरमध्ये जमलेला द्रव खालून काढायचा, वरचा वायू टर्बोएक्सपान्डरमध्ये. तिथून तो कडाक्याचा थंड होऊन कॉलममध्ये येतो. हलके मिथेन-इथेन वरून जातात, खालच्या द्रवातून पुढच्या कॉलममध्ये एलपीजी वेगळा होतो. चाकाच्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर, तो उरलेला वायू दाबून पाईपलाईनला देतो. एक्सपान्डर बंद पडला तर बाजूला ज्यूल-थॉमसन व्हॉल्व्ह असतोच. प्लांट त्यावरही चालतो, पण थंडी कमी पडते आणि एलपीजी घटतो.

कापित्झांच्या आयुष्याकडे बघताना एक गोष्ट राहून राहून मनात येते. केंब्रिजची सुसज्ज लॅब असो, यंत्रांची वाट बघणारी मॉस्कोतली रिकामी इमारत असो की शेडमधली झोपडी, काम सुरू करायला त्यांनी परिस्थिती सुधारायची वाट बघितली नाही. हाताशी जे आहे त्याचा हिशेब करायचा आणि सुरुवात करायची. आपल्या वर्कशॉपमध्ये एक जुना एअर कॉम्प्रेसर धूळ खात असतो, दोन-चार लेथ चालू असतात. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी बाजारातून रेडीमेड मॉडेल आणायच्या आधी कुणाला एखादं छोटं चाक फिरवून, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेला थर्मामीटर लावून बघायचं असेल, तर कॉम्प्रेसरची चावी मेकॅनिकलच्या स्टोअरमध्ये मिळते.